आधी सगळं मार्गी लागू दे, मग दवाखान्यात जाते

आमच्या मागच्या गल्लीतल्या एका वहिनींना फेब्रुवारीच्या शेवटी अंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ लागली. सुपारीएवढी, अजिबात न दुखणारी. मला त्यांनी ती दाखवली तेव्हा जून संपत आला होता. मधले चार महिने काय करत होतात, असं मी विचारलं. म्हणाल्या, "सिस्टर, मी काही गप्प बसले नव्हते. सगळी तयारी करत होते."

आणि खरंच करत होत्या. आधी मुलीची दहावीची परीक्षा होऊ द्यायची होती. मग जयंती. मग आधारवरचा पत्ता बदलायचा होता, कारण कागद नीट असले तरच मोफत होतं असं कोणीतरी सांगितलेलं. रेशनकार्डावरून नणंदेचं नाव कमी करायचं होतं. जूनमध्ये भिशी लागणार होती, ते पैसे हाताशी असू देत म्हणाल्या. कोणतं हॉस्पिटल बरं, कुठली बस जाते, घरी स्वयंपाक कोण करेल, हे सगळं मुलीच्या जुन्या वहीत लिहून ठेवलं होतं. पालिकेच्या दवाखान्यात पहिल्यांदा गाठ दाखवायला यातलं काहीही लागत नाही. केसपेपर काढायचा आणि रांगेत बसायचं. त्याला लागली असती एक सकाळ.

मी वॉर्डात नोकरी करत होते तेव्हा असा पेशंट आला की डॉक्टर ओरडायचे, "इतके दिवस झोपला होतात का?" रात्रपाळीत थकलेली असताना मीही हे वाक्य फेकलेलं आहे. आज त्याची लाज वाटते. झोपलेलं कोणी नसतं. ज्या कामाची भीती वाटते त्याच्या अवतीभवती माणूस दिवसभर राबत असतो, फक्त त्या कामाला हात लावत नाही.

हे का होतं ते समजून घेऊ. गाठ दाखवायला जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. त्याऐवजी आज आधारचा फॉर्म आणू या, असं ठरवलं की गोळा लगेच विरघळतो. शिवाय फॉर्म आणल्यावर आपण कामाला लागलो असं समाधानही मिळतं. भीती गेली, समाधान मिळालं, मग मन पुढच्या वेळी हीच वाट धरतं. म्हणून चालढकल करणाऱ्याला आळशी म्हणण्यात अर्थ नाही. नळावर पहाटे चारला उठून पाणी भरणारी बाई आळशी कशी असेल? टाळते ती भीती. आणि टाळायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे नियोजन, कारण त्याला कोणी नावं ठेवत नाही. दिवसभर टीव्ही बघितला तर सासू बोलेल, यादी केली तर उलट कौतुक करेल.

दुसऱ्याचं सांगून मी सुटणार नाही. तीन वर्षांपूर्वी विहारात आरोग्य शिबिर होतं. शंभरेक लोकांचं बीपी मोजून झाल्यावर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आता तुमचं बघू." १५०/९६ निघालं. आठवड्याने पुन्हा मोजलं, पुन्हा तेवढंच. गोळी सुरू झाली, मीठ कमी केलं, आणि रोज चालायचं असं ठरलं. मी बूट घेतले. मोबाईलमध्ये पावलं मोजायचं ॲप टाकलं. भिंतीवर तक्ता लावला, सोमवार ते शनिवार, पहाटे साडेपाच ते सहा-दहा. पहिल्या सोमवारी पाऊस होता. दुसऱ्या सोमवारी पाहुणे होते. मंगळवारपासून सुरू करणं मला पटेना, आठवडा अर्धवट दिसतो म्हणून! असे सहा आठवडे गेले. बूट खोक्यातच.

सुरुवात झाली ती चपलेवर. एका संध्याकाळी कोथिंबीर आणायला गेले, भाजीवालीकडे गर्दी होती, म्हणून पुढच्या बसस्टॉपपर्यंत चालत जाऊन परत आले. बारा मिनिटं. दुसऱ्या दिवशी तेवढंच, त्याच वेळी. तक्ता मी काढून टाकला. आज रोज अर्धा तास होतो, कधी दोन तुकड्यांत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम सांगते. आधी सलग दहा मिनिटं झाली तरच ती धरायची असा नियम होता. २०२० च्या मार्गदर्शनात तो काढून टाकला. पाच मिनिटं चाललात तरी ती जमा होतात.

मग नियोजन करूच नये का? करावं, पण एका ओळीचं: कधी, कुठे, कोणतं काम. १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये याचा एक छान अभ्यास झाला. महिन्यातून एकदा स्वतःच्या स्तनांची तपासणी करायची, अशी मनापासून इच्छा असलेल्या बायका त्यात होत्या. त्यातल्या काहींकडून ती कधी आणि कुठे करणार एवढंच लिहून घेतलं. महिन्याने विचारलं तेव्हा लिहून दिलेल्या सगळ्यांनी तपासणी केली होती. न लिहिलेल्यांत इच्छा तेवढीच होती, पण केली होती जेमतेम निम्म्यांनी, ५३ टक्के. "पुढच्या महिन्यात तब्येतीकडे बघायचं" असा ठराव पुरत नाही. "बुधवारी मुलाला शाळेत सोडलं की तिथूनच सरळ दवाखान्यात" असं ठरवलं तर पाय आपोआप वळतात.

लवकर दाखवण्याने किती फरक पडतो, याचा मोठा पुरावा तर मुंबईतल्या वस्त्यांतूनच आला आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये दीड लाखाहून जास्त बायकांना घेऊन अभ्यास सुरू केला. निम्म्या ठिकाणी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासत होत्या. त्या डॉक्टर नव्हत्या, मोठं मशीनही नव्हतं. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये छापून आला. तपासणी झालेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडत होता. पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले होते. हेही लक्षात ठेवा की स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ती कोणती आहे हे घरी बसून कळत नाही. डॉक्टर हाताने बघतात, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी होते, गरज वाटली तर सुईने तुकडा काढून तपासतात. नवी गाठ, कातडी ओढल्यासारखी दिसणं, बोंडीतून रक्तासारखा स्राव, बोंडी आत जाणं, यातलं काही दिसलं तर पाळीचे दिवस मोजत महिने घालवू नका.

आपल्या घरांत इतर गोष्टींचंही असंच होतं. बीपीचं घ्या. मशीन विकत घेऊ, मग रोज वहीत लिहू, मग डॉक्टरला दाखवू, असा बेत असतो आणि मशीनच येत नाही. नाक्यावरच्या पालिकेच्या दवाखान्यात किंवा आपला दवाखान्यात बीपी फुकट मोजतात. जायच्या आधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. तिथे पाच मिनिटं पाठ टेकून बसा, दंड छातीच्या पातळीत ठेवा, मोजताना बोलू नका. वेगवेगळ्या दिवशी दोनदा १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तर उपचार लागतात. शुगरला लोक "उपाशीपोटी जायला जमत नाही" म्हणून वर्ष घालवतात. एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी जेवूनही होते. ती ६.५ किंवा जास्त, अथवा उपाशीपोटीची १२६ किंवा जास्त, म्हणजे मधुमेह असण्याची शक्यता मोठी. डॉक्टर पुन्हा तपासून नक्की करतील. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची बीपी, शुगर, तोंडाची तपासणी, बायकांची स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी सरकारी केंद्रात करून मिळायला हवी. आशाताईला विचारा, फॉर्म तीच भरते. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर बेडका तपासून घ्यायला सांगा. तीही तपासणी फुकट आहे.

मिश्री आणि तंबाखूवाले तारखेत अडकतात. एक जानेवारी, मग वाढदिवस, मग ही पुडी संपली की. १८००-११२-३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फोन नंबर आहे, पैसे पडत नाहीत. पुडी खिशात असतानाच फोन लावा, आधी सोडायची अट नाही. तलफ येते ती काही मिनिटांत ओसरते. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात कठीण जातात.

काही गोष्टी मात्र मनाने एकदम सुरू किंवा बंद करू नयेत, नाहीतर माझा लेख वाचून कोणी भलतंच करायचा. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती अचानक तोडली तर एक-दोन दिवसांत हातपाय थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असे प्रकार होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. तिथे पहिलं काम म्हणजे डॉक्टरकडे जाणं. बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करू नका. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर उपाशी चालायला निघू नका, खिशात साखरेची पुडी किंवा गोळ्या ठेवा. चालताना छातीत दाटून येत असेल तर आधी तपासणी, मग चालणं.

अजून एक सांगितलंच पाहिजे. घरकाम करणाऱ्या बाईने दवाखान्यात एक सकाळ घालवली की मॅडम खाडा कापते. नाका कामगाराची पूर्ण हजेरी जाते. ओपीडी नेमकी कामाच्या वेळेला. ही चालढकल मनातली नाही, खिशातली आहे, आणि ती मनाला समजावून सुटणार नाही. दवाखाने संध्याकाळी उघडे हवेत यासाठी आम्ही वॉर्ड ऑफिसला निवेदनं देतो, देत राहू. पण निवेदनाचं उत्तर येईपर्यंत गाठ थांबत नाही. म्हणून घरातल्यांनी "तू जाऊन ये" म्हणण्याऐवजी बरोबर चला. सोबत असली की भीती अर्धी होते, रांगेतला नंबरही धरता येतो.

वहिनींना मी त्याच आठवड्यात घेऊन गेले. सुईच्या तपासणीत कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. केस गेलेत, जेवण जात नाही, पण दर तीन आठवड्यांची तारीख त्यांनी एकदाही चुकवलेली नाही. आधारवरचा पत्ता अजून जुनाच आहे. गेल्या बुधवारी गल्लीतल्या दोघी माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. एकीला बीपीची गोळी सुरू झाली. दुसरी नुसती सोबत म्हणून आली होती, तिचीही शुगर तपासून घेतली, रिपोर्ट शनिवारी मिळेल.