व्हिडिओ गेम लागत नाही? फेकण्याआधी मागचे सॉकेट बघा

माळ्याची आवराआवर निघाली, की समई, घमेले, लग्नातली ट्रंक यांच्याबरोबर अलीकडे आणखी एक वस्तू हटकून खाली येते. पांढऱ्या किंवा राखाडी प्लॅस्टिकचा एक चपटा डबा, त्याला वायरीने जोडलेले दोन रिमोट आणि पिशवीत बांधून ठेवलेल्या चार-सहा कॅसेटी. १९९०च्या दशकात ज्यांचे बालपण गेले त्यांना जास्त सांगायला नको. टीव्हीला लावायचा हाच तो व्हिडिओ गेम. त्या काळी एका घरात तो आला, की संध्याकाळी अर्धी आळी त्या घरात असे.

आता त्या वेळच्या मुलांची मुले मोठी झाली. त्यांना या डब्याचे अप्रूप वाटते. पण अ‍ॅडॉप्टर लावावा तर लाल दिवा लागत नाही. वायर जरा हलवली की लुकलुकतो, हात सोडला की पुन्हा अंधार. तालुक्याच्या दुकानात नेला तर उत्तर ठरलेले : “ताई, याचे पार्ट आता येत नाहीत. टाकून द्या.” हे उत्तर नेहमीच खरे असते असे नाही. वायर हलवल्यावर दिवा लुकलुकतो, याचा अर्थच असा की आतले यंत्र जिवंत आहे. वीज आत जायच्या दारातच अडखळते आहे. ते दार म्हणजे डब्याच्या पाठीमागचे वाटोळे सॉकेट. ते नवे घेतले तरी दहा-वीस रुपयांच्या आत-बाहेर मिळते.

हा डबा आला कुठून, तेही थोडक्यात सांगतो. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचा गेम बाजारात आणला. लोक त्याला फॅमिकॉम म्हणू लागले. किंमत होती १४,८०० येन. १९८५ साली त्यावर मारिओचा प्रसिद्ध खेळ आला आणि मग मागे वळून बघायला नको. त्याच्या नकला आशियाभर निघाल्या. आपल्याकडे घरोघरी पोहोचले ते बहुतेक डबे अशाच नकला होत्या. नाव डब्यावर काहीही असो, आतली रचना त्याच वळणाची, आणि विजेचे सॉकेटही.

सॉकेट का मोडते?

अ‍ॅडॉप्टरच्या टोकाला असते ती पिन आणि डब्याला असते ते सॉकेट, असे आपण धरून चालू. सॉकेटच्या मध्यभागी एक बारीक काडी असते. ती पिनेच्या भोकात शिरते. पिनेचा बाहेरचा धातूचा भाग सॉकेटमधल्या पातळ पट्टीला टेकतो. काडी आणि पट्टी मिळून विजेचे दोन रस्ते पुरे होतात.

हे सॉकेट आतल्या छापील पट्टीवर, म्हणजे सर्किट बोर्डावर, नुसत्या सोल्डरने धरलेले असते. तांब्याच्या भांड्याला डाख लावतात, तशातलाच हा प्रकार. खेळाच्या भरात मुलगा रिमोट ओढतो, डबा सरकतो, वायरीला हिसका बसतो. त्या प्रत्येक हिसक्याचा ताण त्या दोन-तीन थेंब सोल्डरवर येतो. वर्षे गेली की सॉकेटच्या पायाभोवती केसासारखी बारीक गोल चीर पडते. दिसायला सांधा धड, पण आतून सुटलेला. कधी आतली पट्टी बसते, तर कधी मधली काडीच मोडून पिनेत अडकून बाहेर येते. पहिल्या प्रकारात नवे सॉकेटसुद्धा लागत नाही, जुनाच सांधा पुन्हा सोल्डर केला की काम झाले.

डबा उघडण्याआधी

आधी अ‍ॅडॉप्टर तपासावा. साधा डिजिटल मल्टीमीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो आणि शेतावरच्या घरात तो शंभर कामांना येतो. मल्टीमीटर डी.सी. २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक पिनेच्या भोकात घाला आणि काळे बाहेरच्या धातूला टेकवा. अ‍ॅडॉप्टरवर ९ व्होल्ट छापलेले असताना १२ किंवा १३ आकडा दिसला तर घाबरू नये. जुने, हाताला जड लागणारे अ‍ॅडॉप्टर भार नसताना जास्तच दाखवतात. काहीच दाखवले नाही तर मात्र दोष त्याच्यात किंवा त्याच्या वायरीत आहे. अ‍ॅडॉप्टर कधीही फोडू नये. त्याच्या आत २३० व्होल्ट खेळत असतात. वायर तडकलेली असेल तर तो टाकून नवा आणावा, त्यात काटकसर करू नये.

आपल्या घरांपुरती आणखी एक गोष्ट. वस्तीवर पंप सुरू झाले की दिवे मंद होतात, हे आपण रोज पाहतो. जुन्या जड अ‍ॅडॉप्टरचा दाब मेन लाइनच्या दाबाबरोबर वर-खाली होतो. २३० चे १७० झाले, तर ९ व्होल्टचे साडेसहाच्या आसपास उरतात. गेमच्या आत ७८०५ नावाचा तीन पायांचा एक भाग असतो. तो येईल त्या विजेतून नेमके ५ व्होल्ट काढून देतो, पण त्यासाठी त्याला स्वतःला सुमारे ७ व्होल्ट मिळावे लागतात. तेवढे मिळाले नाहीत की चित्र थरथरते, खेळ अर्ध्यात थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तेव्हा गेम पंपाच्या वेळेलाच रुसत असेल आणि एरवी नीट चालत असेल, तर सॉकेटला बोल लावू नका.

फवारणी पंपाचा चार्जर लावू नका

या लेखात एवढे एकच लक्षात राहिले तरी मला पुरे. बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपाच्या चार्जरलाही बहुधा अशीच वाटोळी पिन असते. घरात गेमचा अ‍ॅडॉप्टर सापडत नाही, आणि मुलगा विचारतो, “आई, पंपाच्या चार्जरची पिन बसते गं, लावू का?” आईने त्याचा हात तिथेच धरावा.

कारण असे. फॅमिकॉमच्या मूळ अ‍ॅडॉप्टरवर १० व्होल्ट डी.सी., ८५० मिलिअँपिअर असे लिहिलेले असते आणि त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण, म्हणजे मायनस असतो. नकला बहुतेक ९ व्होल्टच्या, आणि त्यांतही बहुधा मधला भाग मायनसच. फवारणी पंप, राउटर, सीसीटीव्ही यांच्या चार्जरांत मात्र साधारणपणे मधला भाग प्लस असतो. शिवाय १२ व्होल्टची बॅटरी भरायची, तर चार्जर १२ हून जास्तच देणार. उलटी वीज आणि तीही जास्त! आतला कपॅसिटर फुगतो, कधी फुटतो, आणि त्याच्यामागे मुख्य चिप जाते. ती गेली की दुकानदाराचे ‘टाकून द्या’ खरे ठरते.

प्लस-मायनस ओळखणे सोपे आहे. वर सांगितल्याप्रमाणे मल्टीमीटर लावल्यावर आकड्याच्या आधी वजा खूण आली, तर मधला भाग मायनस. अ‍ॅडॉप्टरवर एक ठिपका आणि त्याभोवती अर्धे वर्तुळ असे चित्रही छापलेले असते. ठिपक्याला जोडलेली खूण ती मधल्या भागाची. आणि ‘गेमचे सगळे अ‍ॅडॉप्टर सारखेच’ हा समजही खोटा आहे. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला मध्ये मायनस लागतो, तर त्याच गेमच्या दुसऱ्या मॉडेलला मध्ये प्लस. निन्टेन्डोने अमेरिकेत जो गेम विकला त्याचा अ‍ॅडॉप्टर तर डी.सी. नव्हेच, तो ९ व्होल्ट ए.सी. देतो. तो फॅमिकॉमला लावला तर फॅमिकॉम जळतो. तिकडच्या कुणा नातेवाईकाने तो आणलेला असेल तर तो १२० व्होल्टच्या लाइनसाठी केलेला आहे, हेही ध्यानात ठेवा. आपल्या बोर्डात घातला की अ‍ॅडॉप्टरच जाईल.

आता प्रत्यक्ष काम

अ‍ॅडॉप्टर भिंतीवरून काढा, कॅसेट काढा, डबा जुन्या चादरीवर उलटा ठेवा. स्क्रू लांबी-आखूड असतात, म्हणून ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने वाटीत न टाकता कागदावर मांडा. झाकण झटक्याने उचलू नका, रिमोटच्या वायरी आत गुंतलेल्या असतात. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला की जोडताना डोके खाजवावे लागत नाही.

बोर्डाच्या खालच्या बाजूला सॉकेटचे पाय दिसतील. उजेडात धरून वरून सॉकेट बोटाने हळूच हलवा. एखादा पाय आपल्या सोल्डरच्या टिकलीत हलताना दिसला तर चोर सापडला. २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न घ्या. टोक ओल्या फडक्याला पुसा, पाय आणि तांबे दोन्ही दोन-तीन सेकंद तापू द्या, मग राळ भरलेली सोल्डरची तार टेकवा. थेंब चकचकीत आणि पायाला चढलेला दिसला की सांधा चांगला. भुरकट गोळी होऊन बसला तर पुन्हा तापवावा. फार वेळ आयर्न दाबून धरला तर तांब्याची टिकली बोर्डावरून उचकटते. धूर नाकात जाऊ देऊ नये, आणि सोल्डरमध्ये शिसे असल्यामुळे नंतर हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये.

सॉकेटच मोडले असेल तर जुने सोल्डर तापवून शोषक पंपाने किंवा तांब्याच्या वेणीने काढा आणि सॉकेट सोडवा. ते ओढून उपटू नका. दुकानात जाताना जुने सॉकेट आणि अ‍ॅडॉप्टर दोन्ही बरोबर न्या. बाहेरून ५.५ मिलिमीटरच्या पिना दोन जातींच्या येतात, मधले माप २.१ आणि २.५. दिसायला जुळ्या बहिणी! २.५ ची पिन २.१ च्या काडीवर ढिली बसते आणि लुकलुक पुन्हा सुरू होते.

नव्या सॉकेटला बहुधा तीन पाय असतात. एक मधल्या काडीचा, एक बाहेरच्या पट्टीचा, आणि तिसरा पिन आत नसतानाच पट्टीला चिकटणारा. बोर्डाला पाय जुळत नसले आणि वायरी टाकून जोडायची वेळ आली, तर हा तिसरा पाय वगळायचा असतो. चुकून त्यालाच वायर लावली तर पिन आत घालताच वीज तुटते आणि माणूस दिवसभर दोष शोधत बसतो. पिन घालून मल्टीमीटरच्या ‘बीप’वर पिनेचा बाहेरचा धातू आणि सॉकेटचा कोणता पाय जोडलेले आहेत ते आधीच पाहून घ्यावे.

वायरी टाकून जोडलेले सॉकेट नटाचे घ्यावे, म्हणजे ते डब्याच्या प्लॅस्टिकला आवळता येते आणि हिसका सोल्डरवर न येता प्लॅस्टिकवर जातो. माझ्या मते मूळ पद्धतीपेक्षा ही जास्त टिकते, दिसायला थोडी ओबडधोबड असली तरी.

डबा बंद करण्याआधी दोन तपासण्या कराव्यात. अ‍ॅडॉप्टर न लावता, सॉकेटच्या काडी आणि पट्टीच्या पायांमध्ये मल्टीमीटर सतत बीप करतो का, ते पाहा. करत असेल तर कुठेतरी सोल्डरचा थेंब सांडून दोन रस्ते एकमेकांना भिडले आहेत, तो काढा. मग अ‍ॅडॉप्टर लावून बटण चालू करा आणि ७८०५ चा दाब मोजा. अक्षरे आपल्याकडे करून धरल्यास डावा पाय येणाऱ्या विजेचा, मधला सामाईक, उजवा बाहेर जाणाऱ्या विजेचा. काळे टोक मधल्या पायाला, लाल उजव्याला. आकडा ५ च्या जवळ हवा. टोक घसरून दोन पाय एकदम जोडले जाऊ नयेत, म्हणून हे काम बसून, घाई न करता करावे. ७८०५ च्या पाठीचा पत्रा तापतो, त्यात वावगे काही नाही. जास्तीचे व्होल्ट तो उष्णता करूनच घालवतो. पण बोट क्षणभरही टेकवत नसेल तर अ‍ॅडॉप्टर जास्त दाबाचा आहे, तो बदला.

अर्धा तास खेळ चालू ठेवा. मग झाकण लावा, आणि अ‍ॅडॉप्टरवर चिकटपट्टी लावून ‘गेम – ९ व्होल्ट – मध्ये मायनस’ असे लिहून टाका. तशीच एक पट्टी ‘फवारणी पंप’ लिहून त्याच्या चार्जरलाही लावा.