औषधाची मुदत

आपल्या विद्यालयाच्या दिवंगत मुख्याध्यापकांच्या स्मृत्यर्थ निघणाऱ्या या पुस्तिकेसाठी मी काही लिहावे असा निरोप आला, तेव्हा चालकांची अपेक्षा बहुधा संतवाङ्मयावरील लेखाची असावी. चाळीस वर्षे मराठी शिकविणाऱ्या माणसाकडून दुसरे काय अपेक्षावे? परंतु ज्या सरांच्या स्मरणार्थ हे लिहितो आहे, ते वर्गात अपरिचित शब्द आला की थांबत आणि विचारीत, "याचा अर्थ काय, आणि तो इथे कशासाठी आला?" हा प्रश्न मी जन्मभर शब्दांना विचारला, स्वतःच्या उशाशी असलेल्या गोळ्यांना तो विचारण्यास मात्र मला अकरा वर्षे लागली. त्या अकरा वर्षांची हकीकत आणि तिच्या अनुषंगाने जे वाचले, समजून घेतले, ते येथे मांडीत आहे. मी वैद्य नाही. वाचकांनी हे एका जुन्या रुग्णाचे टिपण समजावे.

पत्नीच्या निधनानंतर माझी झोप उडाली. 'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण मी शेकडो मुलांना समजावून सांगितली होती. आता मऊ गादीवर पडून पहाटेची वाट पाहू लागलो. डॉक्टरांनी एक लहानशी गोळी लिहून दिली. चिठ्ठीवर '१५ दिवस' असे स्पष्ट लिहिलेले होते. पंधरा दिवस सरले. गोळी सरली नाही. चिठ्ठीच्या घड्या विरून फाटल्या, तरी ओळखीचा दुकानदार "सर, घेऊन जा" म्हणून पाकीट पुढे करी. पाकिटावर औषध खराब होण्याची तारीख छापलेली असते आणि ती आपण चष्मा लावून पाहतो. ते किती दिवस घ्यावयाचे ही दुसरी मुदत मात्र पाकिटावर नसते, ती चिठ्ठीवर असते. आणि चिठ्ठी आपण हरवून बसतो.

कायद्याने ही वाट मोकळी ठेवलेली नाही. १९४५ च्या औषध नियमांना २०१३ साली 'अनुसूची एच-१' जोडण्यात आली आणि १ मार्च २०१४ पासून ती अमलात आली. क्षयाची औषधे आणि काही प्रभावी प्रतिजैविके यांच्याबरोबर झोपेच्या व चिंताशमनाच्या अनेक गोळ्या तीत आहेत. अशा औषधाची विक्री करताना दुकानदाराने डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध व त्याचे प्रमाण वेगळ्या वहीत नोंदवावे आणि ती वही तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. परंतु आमच्या इंदुरात काय किंवा अन्यत्र काय, परिचयाची भीड नियमापेक्षा मोठी ठरते. दोष एकट्या दुकानदाराचा नाही. भीड घालणारा मीच होतो.

ही गोळी करते तरी काय? या कुळातील पहिले औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० साली बाजारात आले. १९६३ साली डायझेपाम आले. त्यापूर्वीची बार्बिट्युरेट जातीची औषधे थोड्याशा अधिक मात्रेने जीव घेत असत. त्या मानाने ही नवी औषधे वरदान वाटली आणि आजही अपस्मार, शस्त्रक्रिया किंवा तीव्र भीतीचा झटका अशा प्रसंगी ती उपकारकच आहेत. मेंदूत पेशींची धावपळ शांत करणारे 'गाबा' नावाचे द्रव्य असते. ही गोळी त्याचा परिणाम वाढविते. मात्र काही आठवड्यांत मेंदू या बाहेरच्या मदतीला सरावतो आणि स्वतःचा प्रतिसाद कमी करतो. मग तीच मात्रा अपुरी वाटू लागते. एखाद्या रात्री गोळी चुकली, तर पूर्वीपेक्षाही अधिक जागरण घडते. रुग्ण म्हणतो, "पाहा, गोळीवाचून मला झोप येतच नाही." ते जागरण मूळच्या निद्रानाशाचे नसून पुष्कळदा गोळी चुकल्याचे असते, हे त्याच्या ध्यानात येत नाही. सापळा आहे तो हाच.

उतारवयात हा सापळा अधिक घट्ट होतो. वृद्ध शरीरातून ही औषधे हळूहळू बाहेर पडतात. रात्रीचा अंमल दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत रेंगाळतो. तोल जातो, स्मरण मंदावते, पडून हाड मोडण्याचा धोका वाढतो. मार्क बिअर्स या अमेरिकन वैद्यांनी १९९१ साली सहकाऱ्यांसह वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी सिद्ध केली. तेथील वृद्धरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ साली सुधारलेल्या याच यादीतही झोपेच्या या गोळ्या टाळाव्यात असेच सांगितले आहे.

मला याचा प्रत्यय दोन प्रकारांनी आला. एका साहित्यसभेत बोलताना, ज्या कवीवर मी प्रबंध लिहिला त्याच्याच गावाचे नाव मला आठवेना. श्रोत्यांनी ते सांगितले, आणि सभेने सौजन्याने टाळ्याही वाजविल्या. दुसरा प्रसंग सांगताना आजही लेखणी अडते. एका वृद्ध सहकाऱ्याने झोप येत नसल्याची तक्रार केली. मी माझ्याच पाकिटातील चार गोळ्या कात्रीने कापून त्यांच्या हाती ठेवल्या आणि म्हणालो, "अहो, घेऊन तर पाहा, काही होत नाही." तिसऱ्या रात्री ते स्नानगृहाच्या वाटेवर पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. गोळीमुळेच पडले असे मी शपथेवर सांगू शकत नाही. तिच्यामुळे पडले नाहीत असेही सांगू शकत नाही. स्वतःची चिठ्ठी दुसऱ्याला लागू पडते असे मानणारा मी कोण होतो?

त्यानंतर माझ्या एका विद्यार्थ्याचा मुलगा, जो आता डॉक्टर आहे, मला म्हणाला, "सर, घरात जेवढी औषधे आहेत तेवढी सगळी एका पिशवीत घालून आणा. चूर्णे, काढे, मलमेसुद्धा." टेबलावर पिशवी रिकामी केली तेव्हा रोजच्या नऊ गोळ्या निघाल्या. त्याने प्रत्येक गोळीपुढे ती कशासाठी, कोणी, कधी सुरू केली हे लिहावयास सांगितले. चार गोळ्यांपुढे मला काहीच लिहिता आले नाही.

मग साखळी उलगडली. रक्तदाबासाठी मला अ‍ॅम्लोडिपिन चालू होते. या औषधाने काहींचे घोटे सुजतात, माझेही सुजले. ती सूज नवा आजार समजून दुसरीकडे मला लघवी वाढविणारी गोळी मिळाली. तिच्यामुळे मी रात्री तीन-तीनदा उठू लागलो. झोपमोड झाली म्हणून झोपेची गोळी सुटेना. तिच्या अमलाखाली अंधारात चालताना झोकांड्या जात, म्हणून चक्करेची गोळी आली. गुडघ्यासाठी मी आपल्या मनाने घेत असलेली वेदनाशामक गोळी तर रक्तदाब वाढविणारीच होती. एका औषधाचा उपद्रव हा नवा रोग समजून त्यावर दुसरे औषध देणे, याला वैद्यकशास्त्रात १९९० च्या दशकापासून स्वतंत्र संज्ञाच आहे. मी तिला 'औषधांची उतरंड' म्हणतो. खालचे मडके हलविल्यावाचून वरची उतरत नाहीत. डॉक्टरांनी रक्तदाबाचे औषध बदलले, सूज ओसरली, आणि लघवीची व चक्करेची गोळी त्यांच्याच देखरेखीखाली सुटली.

झोपेची गोळी सुटण्यास सात महिने लागले. येथे एक गोष्ट ठासून सांगतो. दीर्घकाळ घेतलेली ही गोळी एकाएकी टाकणे धोक्याचे आहे. त्याने तीव्र अस्वस्थता, क्वचित आकडीसुद्धा येऊ शकते. डॉक्टरांनी माझी मात्रा काही आठवड्यांच्या अंतराने थोडी थोडी उतरविली. एकदा फार त्रास झाला तेव्हा तेथेच महिनाभर थांबविली.

गोळीच्या जागी काय आले? निद्रानाशासाठी विचार व सवयी बदलण्याची एक पद्धतशीर चिकित्सा आहे. २०१६ साली अमेरिकेतील फिजिशियनांच्या महाविद्यालयाने जुनाट निद्रानाशावर प्रौढांना प्रथम हीच द्यावी, औषध नंतर, अशी शिफारस केली. तिची रीत साधी, पण कठोर आहे. दोन आठवडे मी झोपेची वही लिहिली. अंथरुणात नऊ तास, झोप साडेपाच, असा हिशेब निघाला. मग अंथरुणात राहण्याची वेळच कमी करून सहा तासांवर आणली. उठण्याची वेळ रोज एकच. अंथरुणातल्या वेळापैकी शेकडा ८५ भाग झोपेत जाऊ लागला की पंधरा मिनिटे वाढवावयाची. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दिवा लावून बसावयाचे. अंथरुणात वाचन नाही, काळजी नाही. दुपारची वामकुक्षी बंद, चहा दुपारी तीनपर्यंतच. अपस्मार किंवा उन्मादाचा विकार असलेल्यांनी आणि झोपेत ज्यांचा श्वास अडतो त्यांनी हे स्वतःच्या मनाने करू नये.

त्या उठून बसलेल्या रात्रींत मी पत्नीची पत्रे लावली. अकरा वर्षे तो गठ्ठा सोडला नव्हता. जागरणावर औषध होते. शोकावर ते नव्हते, आणि त्याच्यासाठी ते मला कोणी दिलेलेही नव्हते.

औषधाला पर्याय म्हणजे औषधाचा द्वेष नव्हे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांना तीन वर्षे पाहिले. आहार-व्यायाम सुधारलेल्यांत मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत सुमारे २६ टक्क्यांनी घटले; दोन्ही एकत्र केल्याने अधिक लाभ दिसला नाही. म्हणजे चालणे हेही गोळीच्या तोलाचे साधन ठरू शकते. परंतु ज्याला मधुमेह जडला आहे त्याचे इन्सुलिन, क्षयाची औषधे, अपस्माराची, हृदयविकाराची वा थायरॉइडची गोळी केवळ उत्साहाने सोडणे हा आत्मघात होय. 'निसर्गाचे ते निरुपद्रवी' हाही भ्रमच. योग्य योजलेले विषही औषध होते आणि चुकीचे योजलेले औषध विष होते, असे खुद्द चरकसंहिता सांगते.

आज माझ्या डबीत पाच गोळ्या आहेत. प्रत्येकीचे नाव, कारण आणि पुढील तपासणीची तारीख एका कागदावर लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटविला आहे. झोप सहा-सव्वासहा तासांची लागते. तरुणपणीची नव्हे, पण माझी स्वतःची. त्या सहकाऱ्याकडे दर रविवारी जातो. ते आता चौकटीच्या आधाराने अंगणापर्यंत येतात. त्यांना मी सारे सांगितले आहे. ते हसून म्हणाले, "कागद मलाही करून द्या." मी तो त्यांच्या मुलीला समोर बसवून, त्यांच्या डॉक्टरांना विचारून लिहिला. औषधाबाबत मी दुसऱ्याला देऊ शकतो ते एवढेच.