पहिली एकचाकी: विकत की वेल्डिंग?

लालबागच्या एका गाळ्यात मी जुन्या सायकलचे पुढचे चाक आणि चिमटा घेऊन गेलो. चिमटा उलटा करायचा, वर सीट, खाली पायडल, झाली एकचाकी, असा माझा हिशेब. वेल्डिंगवाल्याने एक्सेल दोन बोटांत धरून चाकाला टिचकी मारली. चाक गरगरले, एक्सेल जागच्या जागी. ‘‘पायडल लावू कशाला?’’ त्याने विचारले.

खरी मेख तिथेच आहे. साध्या सायकलचा एक्सेल चिमट्यात नटांनी आवळलेला असतो आणि हब त्याच्याभोवती छर्‍यांवर फिरतो. एकचाकीत सगळे उलटे. एक्सेल हबला जखडलेला, दोन टोकांना क्रँक, आणि बेअरिंगे चिमट्याच्या पायांशी. असला हब घरात दिसतो तो फक्त पोरांच्या तीनचाकीत, पुढच्या चाकाला. १८७० च्या दशकातल्या मोठ्या चाकाच्या सायकलींचीही हीच रचना होती. त्यांचे मागचे छोटे चाक उचलले जाई तेव्हा स्वार पुढच्या चाकावरच तोलत राही. एकचाकी त्यातूनच सुचली, असे मानतात.

फ्रीव्हील इथे चालत नाही. तळहातावर झाडू उभा तोलून पाहा. तो कलेल तिकडे हात पळतो. एकचाकीत हाताचे काम चाक करते, म्हणून पाय पुढे जितका रेटता येतो तितकाच मागेही रेटता आला पाहिजे. आता झाडूऐवजी पेन्सिल घ्या. जमणार नाही, कारण आखूड वस्तू भराभर पडते. वजन मीटरभर उंचीवर असेल तर साधारण दर ०.३ सेकंदाला कल पावणेतीनपट होतो. सावरायला मिळतो तो एवढाच अवधी.

या अवधीवरच घरगुती जोडकाम घाला घालते. आपल्या काळ्या सायकलचा क्रँक कॉटर पिनवर बसतो. सायकलवर त्याला जवळजवळ कायम एकाच दिशेने जोर लागतो, त्यामुळे पिन थोडी झिजली तरी वर्षानुवर्षे निभते. एकचाकीवर जोराची दिशा सारखी पालटते. साठ किलोचा माणूस आडव्या पायडलवर उभा राहिला, तर साडेबारा सेंटिमीटरच्या क्रँकमधून एक्सेलवर सुमारे ७३ न्यूटन-मीटरचा पीळ पडतो, कधी पुढून, कधी मागून. पिनमध्ये प्ले आला की पाय उलटा रेटताना आधी नुसते ‘खट्’ होते, चाक नंतर हलते. नवशिक्याला वाटते आपलाच तोल कच्चा.

म्हणून पहिली एकचाकी विकतच घ्यावी, असे मी म्हणेन. मोठ्या माणसालाही शिकायला २० इंची पुरते. पायडलच्या एका फेर्‍याला ती जेमतेम १.६ मीटर जाते. चालण्याच्या वेगालाही मिनिटाला पन्नासेक फेरे मारावे लागतात. जुनी मिळाली तर गंज, रंग, फाटकी सीट सोडून द्या, रिमचा आउट कोणीही काढून देईल. चाक गुडघ्यांत घट्ट धरा आणि क्रँक पुढे-मागे हलवा. खट् वाजले तर पैसे खिशातच ठेवा.

बांधायचीच हौस असेल तर दुसरी बांधा, सर्कशीतली उंच, साखळीची. मुंबईत चिअरिनीची इटालियन सर्कस पाहून विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली स्वतःची सर्कस उभी केली, तेव्हा ही हौस आपल्याला परकी नाही. गंमत म्हणजे उंच एकचाकी बांधायला सोपी. क्रँक वर आपल्या नेहमीच्या जागी राहतात, चाक साखळीने फिरते, फक्त फ्रीव्हील वेल्ड करून जाम करायचे. ती कलतेही सावकाश. साखळी मात्र ताठ हवी, आणि आपटलात तर उंचावरून आपटाल.

शिकायला गिरगावातल्या चाळीची गॅलरी उत्तम: एका हाताला भिंत, दुसर्‍या हाताला कठडा. पण तळमजल्याचीच. सीटवर चढल्यावर कठडा मांडीपाशी येतो, वरच्या मजल्यावर तो काय अडवणार? आणि दोरीवर कोणाची साडी वाळत नाही ना, ते आधी बघा.