चित्रपट कसा पाहावा, आणि मग कसा सांगावा?

"तू चित्रपट बरेच पाहतोस, असे हजेरीपटावरून दिसते. तेव्हा वार्षिकांकासाठी चित्रपटसमीक्षेवर एक लेख दे," असे सरांनी फर्मावले आणि अस्मादिक एका रात्रीत समीक्षक झाले.

समीक्षा म्हणजे नेमके काय, हे कळावे म्हणून मी ग्रंथालयात बसून बरीच परीक्षणे वाचली. त्यांतून काही नियम हाती लागले. होतकरू समीक्षकांच्या सोयीसाठी ते येथे देतो. चित्रपट "आवडला" असे कधीही लिहू नये. तो "अंतर्मुख करतो" असे लिहावे. मध्यंतरानंतर झोप लागली असेल, तर चित्रपटाला "संथ लय" असते. काहीच कळले नसेल, तर दिग्दर्शकाने "प्रेक्षकांसाठी मोकळ्या जागा सोडलेल्या" असतात. सगळे थिएटर हसत असेल आणि आपल्यालाही हसू आवरत नसेल, तर विनोद "उथळ" समजावा. रडू आले, तर चष्मा पुसावा आणि "दिग्दर्शक भावविवशतेच्या आहारी गेला आहे" असे नोंदवावे.

याच्या उलट आमच्या यवतमाळच्या चहाच्या टपरीवरची समीक्षा. तिच्यात दोनच शब्द असतात: "पैसा वसूल" किंवा "डोक्याले ताप". या समीक्षकाला लय, आशय, घाट यांच्याशी कर्तव्य नाही. तो तिकिटाचा हिशेब मांडतो आणि मोकळा होतो.

या दोघांचे भांडण जुने आहे आणि त्यात विद्वानांनी अनेकदा सपाटून मार खाल्ला आहे. 1971 साली दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' आला. दादांच्या विनोदाला नाके मुरडणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती; पण त्यांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले आणि दादांचे नाव गिनेस बुकात गेले. 15 ऑगस्ट 1975 रोजी 'शोले' झळकला. सुरुवातीच्या दिवसांत तो पडला असेच पुष्कळ जाणकार समजत होते. पुढे तोच मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षे चालला. फिल्मफेअरचे पारितोषिक मात्र त्याला एकच मिळाले, संकलनाचे, आणि ते एम. एस. शिंदे या मराठी माणसाने घेतले. म्हणजे गब्बर, जय आणि वीरू रिकाम्या हाती परतले आणि ज्याने त्यांना कापले तो बक्षीस घेऊन गेला! त्याच वर्षी 'जय संतोषी माँ' हा अगदी थोड्या खर्चातला चित्रपट आला. लोक थिएटरबाहेर चपला काढून आत जात आणि पडद्यावर फुले व नाणी उधळत. तेथे समीक्षकाने काय लिहावे? तो चपला घालून आत गेला, एवढाच काय तो फरक.

मग जनता जनार्दन म्हणेल तेच खरे का? तसेही नाही. गर्दीवरून गल्ला मोजता येतो, गुण मोजता येत नाही. जत्रेत सर्वांत जास्त गर्दी पाळण्याजवळ असते. म्हणून पाळण्याला कोणी महाकाव्य म्हणत नाही.

यावर विचार करताना मला आपल्याच गावातली एक जुनी घटना आठवली. 1973 साली यवतमाळला मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते. गीतरामायणाचे हे कवी चित्रपटांचेही लेखक. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (1957) त्यांच्याच लेखणीतला. कैद्यांना भिंतीबाहेर शेतावर ठेवण्याचा प्रयोग औंध संस्थानात आटपाडीजवळ खरोखरच झाला होता, आणि आटपाडीचा परिसर म्हणजे माडगूळकरांचा स्वतःचा मुलूख. ती माती त्यांच्या पायाखालची होती. चित्रपटाला 1958 साली बर्लिनला पारितोषिक मिळाले. लिहिणाऱ्याला माती ठाऊक असावी लागते, हे मला येथवर समजले होते. पाहणाऱ्यालाही ती ठाऊक असावी लागते, हे समजायचे होते.

परीक्षणासाठी मी सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (2009) निवडला, कारण तो आपल्या विदर्भातल्या कापूस उत्पादकाचा. शेजाऱ्याने आत्महत्या केल्यावर, आपला नवराही तसेच काही करील या धास्तीने बायको त्याला चांगलेचुंगले करून घालते आणि लहान मुलाला दिवसभर त्याच्या मागे पाठवते. मी ऐटीत लिहिले: "मुलाला पाळतीवर ठेवण्याचा धागा विनोदासाठी ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो."

दिवाळीच्या सुट्टीत राळेगाव तालुक्यात मामाकडे गेलो, तेव्हा लॅपटॉपवर तो चित्रपट मामाला दाखवला. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती. संपल्यावर मी वहीतले परीक्षण वाचून दाखवले. मामा म्हणाला, "बाकी बराबर हाये. पन पेरा मोडल्यावर रोज गोडधोड कराले किराना उधार कोन देते, हे तू लिवलं नाई."

मामी म्हणाली, "अन् पोट्ट्याले मागं धाडते ते खोटं नाई बाबू. मी तुले नाई धाडत होती?"

2014 साली पाऊस लांबला आणि मामाची दुबार पेरणी झाली. त्या वर्षी मी शाळेसाठी मामाकडे राहत होतो. शाळा सुटली की मामी गूळ-पोळी हातात देई आणि म्हणे, "जा, मामासंगं वावरात जा. एकट्याले सोडू नोको." मला वाटे, मामाला माझ्यावाचून करमत नाही. मी वर्गात त्याची फुशारकीही मारली होती.

मामाने मामीकडे पाहिले. "म्हनून धाडत होती का तू त्याले?" एवढेच तो बोलला आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेला. मी नकळत त्याच्या मागोमाग निघालो, तेव्हा मामी हसली आणि डोळ्यांना पदर लावून आत गेली.

परीक्षणातले ते वाक्य मी खोडले आहे. त्या जागी काय लिहावे, ते अजून सुचलेले नाही. सरांनी तेवढी जागा कोरी ठेवावी, ही विनंती. नियम मात्र एक वाढवतो, आणि तो कोणत्याही ग्रंथात सापडला नाही. चित्रपट ज्यांच्याविषयी असेल त्यांच्या शेजारी बसून तो पाहावा, आणि संपल्यावर आधी त्यांना बोलू द्यावे.