‘मॅड मॅक्स’ला वेळ द्यावा का?

१ सप्टेंबर २०१५ रोजी ‘मॅड मॅक्स’ हा व्हिडिओ गेम बाजारात आला, आणि त्याच दिवशी ‘मेटल गिअर सॉलिड ५: द फँटम पेन’सुद्धा. तुलना अटळ होती. समीक्षकांनी ‘मॅड मॅक्स’ला १०० पैकी ७०च्या आसपास गुण देऊन विषय संपवला.

तोच तोपणाची तक्रार खरीच आहे. छावणी उद्ध्वस्त करा, भंगार गोळा करा, पुढच्या छावणीकडे वळा. कथाही बेताचीच.

पण गाडी! मॅग्नम ओपस या आपल्या गाडीच्या मागच्या बाजूला चमबकेट हा कुबडा मेकॅनिक सतत बसलेला असतो. मार खाल्लेली गाडी थांबवली की तो उतरून लगेच दुरुस्तीला लागतो. गाडीवरचा हार्पून सुधारत नेला की शत्रूच्या धावत्या गाडीचं चाकच उपटून काढता येतं. वाळूच्या वादळात तर विजा कोसळतात, पत्रे अंगावर येतात. ॲव्हलांच स्टुडिओजनं हे सगळं जीव ओतून केलंय.

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल, तर पैसे परत मागता येतात. गाडी चालवण्यात मजा वाटते का, हे कळायला तेवढा वेळ पुरतो. वाटली, तर जरूर खेळावा. मात्र नकाशावरचं प्रत्येक चिन्ह पुसत बसू नये. सुरुंग हुडकण्याची कामं तर खुशाल सोडून द्यावीत.