ग्रॅमीच्या पडद्याआड

जाहिराती लागल्या की घरचा प्रेक्षक पाणी प्यायला उठतो. ग्रॅमीच्या मंचावर खरी धावपळ त्याच दोन-तीन मिनिटांत चालते. ड्रम, कीबोर्ड आधीच चाकांच्या चौथऱ्यांवर मांडून, माइक लावून विंगेत उभे असतात. ते ढकलत आणायचे, तारा जोडायच्या, एकेका माइकचा आवाज तपासायचा आणि कॅमेरा सुरू होण्याआत पसार व्हायचं.

तालमीत खुर्च्यांवर कलाकारांचे फोटो लावलेले फलक ठेवतात, म्हणजे कोणाचा चेहरा कुठे टिपायचा ते कॅमेरामनला कळतं. प्रत्यक्ष सोहळ्यात कुणी उठून गेलं की रिकाम्या खुर्चीत बसायला नटूनथटून आलेली माणसं तयारच असतात. मंचावर हाती पडणारी ट्रॉफीही दाखवण्यापुरती! नाव कोरलेली नंतर मिळते.

एवढं करूनही ऐनवेळी घोळ होतोच. १९९८ साली न्यूयॉर्कच्या सोहळ्यात ऑपेरा गायक पावारोत्ती घशाच्या त्रासामुळे येऊ शकले नाहीत. त्यांच्या जागी सोल गायिका अरिथा फ्रँकलिन आयत्या वेळी उभ्या राहिल्या आणि पावारोत्तींच्याच पट्टीत इटालियन ऑपेरातलं गाणं गायल्या. ग्रॅमीत याहून मोठी बदली आमच्या तरी माहितीत नाही.

बहुतेक पुरस्कार मात्र टीव्हीवरचा सोहळा सुरू होण्याआधी, दुपारीच देऊन होतात. २०२४ मधले झाकीर हुसेन यांचे तिन्ही ग्रॅमी दुपारचेच; त्यांतला एक शंकर महादेवन यांच्यासह ‘शक्ती’ या बँडचा. हा दुपारचा सोहळा इंटरनेटवर थेट दाखवतात, तेव्हा पुढच्या वर्षी तोही चुकवू नका.