धरणाचं दार आपोआप उघडतं म्हणजे काय?

आज कर्जाचा हप्ता नाही, व्याजाचा दर नाही आणि बँकेचा फॉर्मही नाही. आज बोलायचंय नदीबद्दल.

झालं असं, जुलैच्या मासिक बैठकीला बाहेर धो धो पाऊस लागला होता. बचतीची रक्कम मोजून झाली, तरी कुणाला उठता येईना. तेवढ्यात गटातल्या एका मावशींनी विचारलं, "ताई, राधानगरीचं दार आपोआप उघडतं म्हणत्यात. मग बटण कोण दाबतंय?" सगळ्या हसल्या. हसून झाल्यावर मात्र कळलं की उत्तर कुणालाच येत नाही, आम्हालाही नाही. एकीनं विचारल्यावर दुसरीला धीर आला. बघता बघता ठराव वहीच्या शेवटच्या पानावर अकरा प्रश्न लिहून झाले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता काका गावात आहेत. वही घेऊन आम्ही त्यांच्या सोप्यात जाऊन बसलो. त्यांनी समजावलं, आम्ही पुन्हा पुन्हा विचारलं. त्यातले काही प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न : बटण कोण दाबतं?

कुणीच नाही. राधानगरीच्या या दरवाजांना ना वीज लागते, ना मोटर, ना माणूस. शाहू महाराजांनी भोगावती नदीवर हे धरण बांधायला घेतलं आणि ते पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत.

दुकानातला तराजू डोळ्यापुढे आणा. एका पारड्यात माप, दुसऱ्यात ज्वारी. ज्वारी मापापेक्षा जड झाली की पारडं खाली येतं, त्याला कुणी हात लावावा लागत नाही. इथंही तोलाचंच काम आहे. एका बाजूनं धरणातलं पाणी दरवाजाला ढकलतं, दुसऱ्या बाजूनं भलं मोठं वजन त्याला मिटून धरतं. पाणी जसं चढतं तसा त्याचा जोर वाढतो, आणि तो उंचीपेक्षाही भरभर वाढतो. धरण काठोकाठ भरलं की पाण्याचा जोर वजनावर मात करतो आणि दार उघडतं. पाणी उतरलं की वजन जिंकतं आणि दार मिटतं. म्हणूनच बातमीत ऐकतो, पहाटे चार नंबरचा दरवाजा उघडला, दुपारी बंद झाला.

असले दरवाजे आपल्याकडे फार जुने आहेत. पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली स्वयंचलित दरवाजे बसवले होते. त्या काळी धरणावर वीज कुठली? अंधाऱ्या रात्री, मुसळधार पावसात माणूस पोचला नाही तरी धरण फुटू नये, हा त्यामागचा विचार.

दुसरा प्रश्न : मग साहेबांनी दार दोन दिवस धरून ठेवलं तर?

हा प्रश्न एका वैनींचा. त्यांचं घर नदीच्या अगदी काठाला. पण या दरवाजांना 'थांब' म्हणता येत नाही. धरणाचा जीव वाचवणं हे त्यांचं पहिलं काम आहे. धरणालाच धोका झाला तर खाली काय उरेल?

पाऊस येण्याआधी थोडं पाणी सोडून जागा करून ठेवता येते. पण ते वीजगृहातून आणि खालच्या सेवाद्वारातून, तिथून जेवढं जाईल तेवढंच. त्यातही पेच आहे. राधानगरीत साधारण सव्वाआठ टीएमसी पाणी मावतं. आधीच जास्त सोडलं आणि पुढं पावसानं दडी मारली, तर एप्रिल-मे महिन्यात ऊस वाळतो आणि प्यायच्या पाण्याची ओढाताण होते. आपण घरात दिवाळीचं तेल आधी संपवावं की राखावं, याचा हिशोब करतो ना, तसाच हा हिशोब आहे. फक्त तो लाखो माणसांचा आहे.

तिसरा प्रश्न : १४२८ क्युसेक म्हणजे किती घागरी?

बातमीत प्रत्येक दरवाजाचा आकडा असतो, १४२८ क्युसेक. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, म्हणजे अठ्ठावीस लिटरच्या आसपास पाणी. उन्हाळ्यात गावात दहा हजार लिटरचा टँकर येतो, तो आठवा. एका दरवाजातून दर सेकंदाला तसले चार टँकर पाणी बाहेर पडतं. 'एक, दोन' म्हणेपर्यंत आठ टँकर. सातही दरवाजे उघडले आणि वीजगृहाचं पाणी त्यात मिळालं, तर दिवसाला साधारण एक टीएमसी पाणी नदीत येतं.

हे पाणी लगेच आपल्या दारात येत नाही. राधानगरीहून कोल्हापूरला पोचायला त्याला कित्येक तास लागतात. ते तास आपले असतात. बातमी ऐकली की घाबरून जाऊ नका, पण कामाला लागा.

चौथा प्रश्न : दरवाजे बंद असले तर पूर येत नाही ना?

येतो. हा गैरसमज सगळ्यात आधी डोक्यातून काढायचा. पंचगंगा ही भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच नद्यांची. राधानगरी धरण त्यातल्या एकट्या भोगावतीवर आहे. गगनबावड्याकडचा पाऊस कुंभीत येतो, कासारीचं पाणी वेगळं. शिवाय धरणाच्या खाली जो पाऊस पडतो त्याला कुठलंच दार नाही, तो ओढ्या-नाल्यांनी थेट नदीत उतरतो.

पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच दुथडी भरून वाहत असली, तर पंचगंगेचं पाणी तिथं तुंबतं आणि मागं फुगवटा चढतो. पुढची मोरी तुंबली की न्हाणीघरात पाणी साचतं, तसंच. म्हणून शिरोळकडच्या मैत्रिणींनी कोल्हापूरच्या आकड्यावर विसंबू नये. त्यांनी कृष्णेचा आकडाही ऐकायचा.

पाचवा प्रश्न : राजाराम बंधारा पाण्याखाली गेला म्हणजे फुटला का?

नाही, तो बुडण्यासाठीच बांधलेला असतो. आपल्या जिल्ह्याचं नाव ज्याला मिळालं असं हे बांधकाम. इंजिनिअरिंगच्या पुस्तकांतही याला 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात. नदीत ओळीनं खांब, खांबांना उभ्या खाचा आणि त्या खाचांत अडकवायचे बरगे. पावसाळा सरला की बरगे घालायचे, पाणी अडवायचं आणि शेतकऱ्यांनी मोटरीनं उपसायचं. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढून नदीला वाट मोकळी करायची. राधानगरीतून सोडलेलं पाणी एका बंधाऱ्यातून दुसऱ्या बंधाऱ्यात असं खाली येतं. म्हणजे नदीच कालवा झाली.

बरगे काढायचे राहिले तर वाहून आलेली झाडं, जलपर्णी, कचरा तिथंच अडकतो आणि पाणी काठावर चढतं. तेव्हा मे महिन्याच्या ग्रामसभेत एक प्रश्न आपण बायकांनी विचारायचा, "आपल्या बंधाऱ्याचे बरगे निघाले का?"

आणि एक विनवणी. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना पलीकडे जाऊ नका. 'गुडघाभरच हाय' असं म्हणणारा नेहमी भेटतो. वाहतं गुडघाभर पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलतं, आणि खाली काय आहे ते दिसतही नाही.

सहावा प्रश्न : तासाला एक इंच म्हणजे काय मोठंसं?

हा प्रश्न वहीत कुणी लिहिला नव्हता. तो आम्हीच आम्हाला विचारला, कारण २०१९ साली तो विचारला नाही आणि त्याची किंमत मोजली.

त्या ऑगस्टमध्ये पाणी चढत होतं, पण सावकाश. रात्री नऊला कुणीतरी सांगितलं, तासाला इंचच वाढतंय. गटाच्या खोलीत दिवाळीच्या ऑर्डरीची कांदा-लसूण चटणी, शेवयांचे डबे आणि तीन शिलाई मशीन होत्या. माल हलवायचा तर ट्रॅक्टर बघावा लागणार, माणसं गोळा करावी लागणार. आम्हीच म्हणालो, "इंचानं काय होतंय? सकाळी बघू." पहाटे खोलीत पाणी होतं. माणसं वाचली, एवढंच समाधान. चटणी गेली, मशीन गंजल्या, कर्जाचे हप्ते तेवढे राहिले. ते फेडायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

आता काकांनी सांगितलेलं गणित ऐका. तांब्याभर पाणी पेल्यात ओता, ते झटकन वर चढतं. तेच परातीत ओता, वर चढत नाही, पसरतं. नदी पात्रात असते तोवर ती पेला असते. काठ सोडून शेतात शिरली की परात होते. म्हणून पूर मोठा झाला की आकडा हळू चढतो, आणि आपल्याला वाटतं जोर कमी झाला. जोर कमी झालेला नसतो, पाणी पसरत असतं.

समजा तुमच्या गल्लीला पाचशे फुटांत एक फूट उतार आहे. पाणी एक इंच चढलं की ते गल्लीत चाळीस फूट पुढं सरकतं. तासाला एक इंच धरलं, तर तुम्ही आठ तास झोपून उठेपर्यंत पाणी सव्वातीनशे फूट आत आलेलं असतं. आमची खोली तेवढ्यातच होती. हे गणित आम्हाला त्या रात्री माहीत असतं, तर ट्रॅक्टर आम्ही नऊलाच बोलावला असता.

सातवा प्रश्न : जर-तरचे प्रश्न

एका सूनबाईंनी विचारलं, "नदीला दोन्ही बाजूंनी उंच भिंत घातली तर?" घालता येते, जगात काही ठिकाणी घातलीही आहे. पण आपल्याकडं अडवलेलं पाणी समोरच्या काठावर किंवा खालच्या गावात चढतं. गावात पडलेल्या पावसाला नदीत जायला वाट राहत नाही, तो पंपानं बाहेर काढावा लागतो. आणि भिंत कधी फुटलीच, तर हळू चढणारं पाणी एका दमात येतं.

दुसरीनं विचारलं, "आमच्याकडं पूर आणि जत-आटपाडीला टँकर. हे पाणी तिकडं का नेत नाहीत?" नेतात. म्हैसाळ, टेंभू, ताकारी या योजना कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून दुष्काळी भागात पोचवतात. पण पुराचं सगळंच पाणी उचलायचं म्हटलं तर? आपल्या शेतातली पाच एचपीची मोटर वीस मीटर उंचीवर सेकंदाला साधारण दहा लिटर पाणी चढवते. राधानगरीच्या एकाच दरवाजाचं पाणी तेवढं उचलायला अशा चार हजार मोटरी लागतील. दुष्काळी भाग तर याहून कितीतरी उंच. त्यानं पूर थांबणार नाही, पण तिथले तलाव भरले तरी कुणाच्या तरी डोक्यावरचा हंडा उतरतो. म्हणून ते करण्याजोगं आहेच.

आता आपलं काम

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ फुटांच्या वर. हे आकडे आपण ऐकतो, पण ५० फूट म्हणजे आपल्या गावात कुठं, हे कुठल्याच बातमीत येत नाही. ते आपल्यालाच लिहून काढावं लागतं.

आम्ही गटात 'पुराची वही' केलीय. पाणी चढायला लागलं की दोघीजणी दिवसातून तीन वेळा लिहितात, राजारामला किती फूट आणि आपल्याकडं पाणी कुठवर. देवळाच्या पायरीला किती, शाळेच्या फाटकाला किती, गटाच्या खोलीच्या उंबऱ्याला किती. थोरल्या मावशींना विचारून २०१९ आणि २०२१ च्या खुणा भिंतींवर ऑइलपेंटनं रंगवल्यात. दोन पावसाळ्यांत आम्हाला कळलं की देवळाच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं की खोलीला धोका आहे.

त्यावरून आम्ही ठराव केला आणि सगळ्यांनी सह्या केल्या. तिसऱ्या पायरीला पाणी लागलं, की दिवस असो वा रात्र, माल हलवायचा. कुणाचीही परवानगी विचारायची नाही, 'सकाळी बघू' म्हणायचं नाही. ट्रॅक्टरवाल्या भाऊंशी भाडं मे महिन्यातच ठरवून ठेवायचं. बँकेची पासबुकं, ठराव वही आणि आधारकार्डं प्लॅस्टिकच्या एकाच डब्यात ठेवायची. म्हाताऱ्या माणसांना आणि बाळंतिणींना आधी हलवायचं. जनावरांची दावी सोडून ठेवायची.

तुमच्या गावाचा आकडा आमच्यापेक्षा वेगळा असेल, म्हणून आमचा आकडा उचलू नका. पुढच्या बैठकीला एक कोरी वही घ्या आणि पहिल्या पानावर तुमच्या गावातली एक खूण लिहा, पायरी, पार किंवा उंबरा, जी तुमच्यासमोर असेल ती.

बटण कोण दाबतंय असं विचारणाऱ्या मावशी परवा म्हणाल्या, "म्हंजे धरणाला त्याचं वजन ठाऊक हाय. आता आपल्याला आपली पायरी ठाऊक पायजे." याहून नेमकं आम्हालाही सांगता आलं नसतं.

काळजी घ्या मैत्रिणींनो. नमस्कार.